दोरीजवळचा आवाज

भावोजी,

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी सवयीनं घरातून निघालो. खांदा कॉलनीतून पुलावर चढेपर्यंत काही वाटलं नाही. पुलाच्या मध्यावर आल्यावर ध्यानात आलं, की जुन्या पनवेलमध्ये तुमच्याकडे फुटबॉल बघायला जायचं आता कारण उरलेलं नाही. स्कूटर वळवली आणि कळंबोलीला ऑफिसात जाऊन बसलो. ड्रायव्हर लोक बघत राहिले, शेठ आज एवढ्या सकाळी कसे म्हणून.

मंडळाच्या पोरांना गावच्या स्मरणिकेत तुमच्यावर लेख हवा आहे. तुम्ही शाळेत किती वर्षं खेळ शिकवलात, किती सामन्यांना पंच होतात, ते सगळं लिहा म्हणाले. ते दुसरं कुणीही लिहील. मी तुमचा मेहुणा. मला एकच गोष्ट लिहायची आहे, आणि ती ज्या गावात घडली त्याच गावात वाचली जावी म्हणून मी हो म्हटलं.

तुम्हाला आठवत असेल, मी तुम्हाला बोलवायला आलो तेव्हा तुम्ही अंगणात सायकलची चेन साफ करत होतात. गावच्या कबड्डी स्पर्धेला अंतिम सामन्यासाठी पंच हवा होता. पनवेलपासून उरणपर्यंत तुमच्या शिट्टीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मंडळात मी छाती पुढं काढून म्हटलं होतं, आपलेच भावोजी हायेत, मी आणतो. तुम्ही हात पुसत म्हणालात, "दशरथ, सासुरवाडीत जावयानं जेवावं, झोपावं, नारळ घेऊन घरी यावं. शिट्टी वाजवू नये."

मी हसण्यावारी नेलं. समोरच्या संघाला मान्य आहे, गावाला मान्य आहे, मग तुम्हाला काय अडचण, असं म्हणत राहिलो. शेवटी ताईनं आतून सांगितलं, जा हो, माहेरचं मैदान आहे माझं. त्यावर तुम्ही हो म्हणालात. तिचा शब्द तुम्ही कधीच मोडला नाहीत.

जानेवारीतला रविवार होता, चार वाजून गेले होते. पळस्प्यावरून तुम्ही दोघं स्कूटरवर आलात. भात कापलेल्या शेतात मैदान आखलं होतं. गावातल्या ट्रकवाल्यांनी आपले ट्रेलर आणून दोन बाजूंना उभे केले होते आणि त्यांच्यावर माणसं मुंग्यांसारखी चढली होती. बायकांची बाजू वेगळी. ताई तिथं आईजवळ बसली. तुम्हाला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला, तेव्हा ट्रेलरवरून कुणीतरी ओरडलं, "जावयबापू, सांभालून, रातच्याला हितंच जेवाचा हाय." सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि टोपी काढून माझ्या हातात दिलीत. मग शिट्टी गळ्यात घातली आणि तुमचा चेहरा बदलला. माझ्या छातीवर मंडळाचा बिल्ला होता. माझं काम लोकांना दोरीच्या मागे ठेवायचं.

सामना सांगत नाही. तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. शेवटची चढाई आपल्या भाल्याची, गुण बरोबरीत. भाल्या गेला तसा तो आवाज उठला. मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नव्हता. ट्रेलरचे पत्रे वाजत होते, ढोल वाजत होते, बायका उभ्या राहिल्या होत्या. भाल्याच्या तोंडातलं कबड्डी कबड्डी कुणाला ऐकू येणार? ते ऐकायचं काम तुमचं. तुम्ही रेषेच्या कडेनं त्याच्याबरोबर सरकत होतात, किंचित वाकून, कान पुढं करून. मी तुमच्या मागे, दोरी धरून, दोन हातांवर. भाल्या आमच्या कोपऱ्याकडे वळला. त्याचा दम तुटला, घशातून नुसती हवा आली, मग त्यानं परत कबड्डी पकडलं, एकाला हात लावला आणि उडी मारून मध्यरेषा गाठली. गाव नाचायला लागलं.

तुमची शिट्टी वाजली. दम तुटला, चढाई करणारा बाद. म्हणजे आपण हरलो.

तुम्ही पुढं नेहमी म्हणायचात, की शिट्टी वाजली आणि लोक एकदम उसळले. तसं झालं नव्हतं, भावोजी. मध्ये एक जागा होती, एका श्वासाएवढी. ढोल थांबले होते. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. काय करायचं ते कुणाचंच ठरलं नव्हतं. त्या वेळी एखाद्या म्हाताऱ्यानं "जाव दे, पंचानं दिला तो दिला" म्हटलं असतं, तर लोक कुरकुरत घरी गेले असते, असं मला अजून वाटतं.

त्या जागेत माझा आवाज पडला. तुमच्या पाठीमागून. "जावयानं गाव इकला!"

मग सगळ्या गावाचा तोच आवाज झाला. ट्रेलरवरून ढेकळं यायला लागली, मग चपला. तुमच्या पांढऱ्या शर्टावर मातीचे डाग पडत होते आणि तुम्ही हात खाली सोडून उभे होतात. जागचे हललाही नाहीत. मी बिल्लावाला, मी दोरी धरून उभा. ताई बायकांमधून उठली, कुणाकडे न बघता मैदानात चालत आली आणि तुमच्या शेजारी उभी राहिली. गावची लेक मधे आल्यावर हात थांबले. तुम्ही दोघं तसेच चालत स्कूटरपर्यंत गेलात. टोपी माझ्याकडेच राहिली.

मी का ओरडलो, ते आता लिहितो. राग नव्हता. हरल्याचं दुःखही नव्हतं, तेवढा वेळच झाला नव्हता. मंडळात तुमचं नाव मी घेतलं होतं. तुमची शिट्टी वाजली आणि मला एवढंच दिसलं, की आता सगळे वळून माझ्याकडे बघणार. मी आधी ओरडलो म्हणजे बघणार नाहीत. एवढं साधं होतं ते. आणि बघितलं नाहीच कुणी. "कोन बोल्ला रं पयला?" असं नंतर पारावर दोन-चारदा निघालं, तेव्हा सगळ्यांच्या बरोबर मीही मान हलवली.

तुम्ही शिट्टी शाळेच्या कपाटात ठेवलीत आणि परत कुठल्या मैदानावर पंच म्हणून उभे राहिला नाहीत. गावाबद्दल वाईट शब्द काढला नाहीत. ताई मात्र गौरींना माहेरी येईनाशी झाली. आई दर वर्षी उंबऱ्यापर्यंत येऊन बघायची. मग मी गौरीचं सूप घेऊन तुमच्याकडे यायचो, साडी, भाकऱ्या, जवळ्याची चटणी. तुम्ही दार उघडून "या मेहुणेबुवा, माहेर चालत आलं" म्हणायचात. तुमच्या त्या म्हणण्यानं मला जेवण जायचं नाही. तुम्हाला वाटायचं मला तिखट लागतंय.

आई गेली तेव्हा ताई गावी आली, तुम्हीही आलात. लोकांनी तुम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं. हळूहळू येणं-जाणं सुरू झालं, गौरींचं सोडून. गावानं ती गोष्ट मिटवली. गाव असंच मिटवतं, न बोलता. तुम्हाला मात्र ती मिटवता आली नाही. लोकांनी मारलं याचं तुम्हाला काही नव्हतंच. तुमचा प्रश्न वेगळा होता, आणि तो तुम्ही बोलता बोलता, चहाचा कप ठेवता ठेवता विचारायचात. "एवढ्या कालव्यात मला खरंच ऐकू आलं का रे? का मला वाटलं?" कधी म्हणायचात, "सासुरवाडी म्हणून मी जरा जास्तच कडक वागलो असेन. मनात तसं असलं की कानही तसंच ऐकतो." भाल्याला तुम्ही एकदा पनवेलच्या बाजारात गाठून विचारलंत. तो म्हणाला, मास्तर, माजा मलाच नाय कलला.

म्हणजे ते ऐकणारे जगात दोनच कान होते. एक तुमचा. एक माझा.

हो, भावोजी. मला ऐकू आलं होतं.

पुढं तुमची लेक सायली मेलबर्नला गेली. तिच्या बाळंतपणाला तुम्ही दोघं गेलात. तुमच्या जावयानं तुम्हाला एकदा तिथला फुटबॉल दाखवायला नेलं. परत आल्यावर तुमच्या बोलण्यात नातवापेक्षा ते मैदानच जास्त होतं, ताई चिडायची. चेंडू लांबुळका, मैदान लंबगोल, गोलाला चार खांब, आणि हातानं-पायानं कसंही खेळा. नियम तुम्हाला शेवटपर्यंत धड कळले नाहीत. पण लोक कळले. दोन्ही संघांची माणसं शेजारी शेजारी बसतात, याचं तुम्हाला फार अप्रूप. बापाच्या गळ्यात एका रंगाचा मफलर, लेकीच्या गळ्यात दुसऱ्या, आणि दोघं मिळून खिम्याची करंजी खातात, असं तुम्ही सांगायचात. करंजी म्हणजे तिकडचा मीट पाय, हे आम्हाला सायलीनं फोटो पाठवल्यावर कळलं.

तुमच्या शेजारी एक म्हातारी होती, विणकाम करत. तुम्हाला तिनं थर्मासमधला चहा दिला, नातवाची चौकशी केली. मग पंचानं काहीतरी निर्णय दिला तशी ती सुया मांडीवर ठेवून उभी राहिली आणि त्याला पांढरी अळी म्हणाली. जावयानं अर्थ सांगितला. पूर्वी तिथले पंच पांढरे कपडे घालायचे, तेव्हापासूनची शिवी. शिवी देऊन म्हातारी खाली बसली आणि टाके मोजायला लागली.

"आपल्याकडे बरं," तुम्ही म्हणालात, "नुसतं चोर म्हणतात."

हे तुम्ही पुष्कळांना सांगितलंत. पण एक भाग फक्त मला सांगितलात. टीव्हीवर पहिल्यांदा तो खेळ लागलेला आपल्याला सापडला त्या शनिवारी. तिकडची दुपार म्हणजे आपली सकाळ. ताई आत मासे साफ करत होती.

तुम्ही म्हणालात, "पहिला अर्धा वेळ मी पंचाकडेच बघत होतो. चेंडू कुठाय ते सोड. चेंडूवाल्याला पकडलं की सगळं मैदान एका सुरात ओरडतं, बॉल! पंचावर दबाव टाकायला. आणि दशरथ, एकदा मीही उठून ओरडलो."

"काय ओरडलात?"

"बॉल."

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत. सगळे ओरडले, मी ओरडलो. बरं वाटलं रे." तुम्ही टीव्हीकडे बघत होतात. "तेव्हा मला कळलं. गर्दीत पहिला असा कोणी नसतो. आवाज वरून येतो आणि माणसांच्या तोंडातून निघतो. उगाच एकाचं नाव शोधत बसू नये."

तुम्हाला माहीत होतं का? हा प्रश्न मी तेव्हापासून हजारदा चघळला आहे. तुम्ही मला वाट करून दिलीत, का ते साधं म्हाताऱ्या मास्तरचं तत्त्वज्ञान होतं? मी उठून आत गेलो. ताईला विचारलं, पाणी भरू का. ती म्हणाली, नळ गेलाय.

यावर आपला वाद व्हायला हवा होता. तुम्हाला वाद आवडायचे. मी म्हणायला हवं होतं की भावोजी, तुमचं चुकतंय. बाकीचे ओरडले ते गर्दीचे झाले, मान्य. तुम्ही मेलबर्नला ओरडलात तेही. पण पहिला असतो. तो गर्दीत नसतो, तिच्या एक पाऊल आधी एकटा उभा असतो, आणि आपण काय करतोय ते त्याला कळत असतं. मला कळत होतं. तुम्ही मला त्या गर्दीत ढकलून मोकळं केलंत, आणि मी मोकळं होऊन घेतलं.

त्यानंतर दर शनिवारी मी यायला लागलो, खेळाचे दिवस असतील तोवर. तुम्ही टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचात. शेजारचे भिंतीवर ठोकायचे. मला आधी वाटलं, ऐकू कमी येत असेल. मग कळलं की तुम्ही काहीतरी तपासताय. त्या एवढ्या आवाजात मधेच एखादा खेळाडू दुसऱ्याला हाक मारायचा, बारीकशी. तुम्ही लगेच बोट वर करायचात. "ऐकलंस? हाक मारली त्यानं."

मी म्हणायचो, नाही बुवा.

मला प्रत्येक वेळी ऐकू यायची. पण एकदा हो म्हटलं असतं, तर एवढ्या आवाजातून एवढंसं ऐकू येतं हे सिद्ध झालं असतं, आणि मग पुढचा प्रश्न आला असता. म्हणून मी नाही म्हणत राहिलो. तुम्ही बोट खाली घ्यायचात. एका माणसाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास मी असा शनिवारी शनिवारी खरवडून काढला, आणि वर तुमच्या घरची पापलेटं खाऊन आलो.

तो प्रश्न आलाच शेवटी. तुम्ही दवाखान्यात गेलात त्याच्या आधीच्या शनिवारी. सामना संपला होता, लोक मैदानातून बाहेर चालले होते. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "तू दोरीपाशी होतास ना? माझ्या मागंच. तुला ऐकू आला होता का रे त्याचा दम?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ विचारलंत. मी म्हटलं, "एवढ्या आवाजात काय ऐकू येणार, भावोजी."

तुम्ही मान हलवलीत. "हं. तेच तर."

आणि टीव्ही बंद केलात.

दहाव्याला गाढी नदीच्या घाटावर आम्ही उभे होतो. मी मनाशी ठरवून गेलो होतो. कावळा थांबणार, कुणी म्हणेल सायलीचं काही राहिलंय का, कुणी म्हणेल ताईला सांभाळू म्हणा, आणि कशानंच शिवणार नाही. मग मी पुढं होऊन सगळ्यांसमोर सांगणार. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पिंड ठेवला, आम्ही मागे सरलो, आणि कावळा सरळ येऊन शिवला. जणू वाटच बघत होता. सगळे सुटल्यासारखे झाले. भाल्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर समाधानी मानूस. काय रायला नाय त्यांचा."

तुम्ही कुणाला अडवून ठेवणारे नव्हतातच. मलाही नाही अडवलंत. मी जुळवलेलं वाक्य घेऊन तसाच घरी आलो.

चार दिवसांनी ताईकडे गेलो. ती तुमचे शर्ट घड्या करून पिशवीत भरत होती. मी दारातच उभा राहून सांगितलं, बसलो असतो तर राहिलं असतं. तो पहिला आवाज माझा होता.

तिनं घडी पुरी केली. "माहीत हाय मला," म्हणाली. माझ्याशी बोलताना ती अजून गावचंच बोलते. "तुजा आवाज मी वलखनार नाय? पालन्यात असल्यापासून ऐकते."

"भावोजींना सांगितलंस?"

"कशाला सांगू? एकच भाऊ मला."

म्हणजे गौरींना ती येत नव्हती ती गावावर रागावून नाही. मी सूप घेऊन दारात यायचो, तेव्हा ती ते माझ्या हातातून घ्यायची, आणि तिला माहीत असायचं. मी खाली बसलो. मग उरलेलं सांगितलं. दम तुटला होता, मला ऐकू आला होता, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं.

हातातला शर्ट तिनं परत उलगडला, उगाचच, आणि परत घडी घातली.

"ओरडलास ते मी कवाच सोडला होता," ती म्हणाली. "ह्ये त्यांना सांगाला पायजे होतास रे, दशरथ. ते रातचे उठून बसायचे."

तिनं मला जा म्हटलं नाही. चहा केला. आम्ही तो प्यालो. माफीचं काही बोलणं झालं नाही, आणि मी मागितलीही नाही. ज्याच्याकडे मागायची तो माणूस त्या खोलीत नव्हता.

म्हणून हे आता छापायला देतो आहे. गावातल्या ज्यांनी ढेकळं मारली, त्यांतले बरेच अजून आहेत. त्यांनी वाचावं. तुमची शिट्टी बरोबर होती. भाल्याचा दम आमच्या कोपऱ्यात, दोरीपासून दोन हातांवर तुटला. तुम्ही कडक वागला नाहीत, जावई म्हणूनही वागला नाहीत. तुम्हाला जे ऐकू आलं तेच तुम्ही सांगितलंत. गाव तुम्ही विकलं नव्हतं, आणि पहिलं कोण ओरडलं ते आता गावाला माहीत झालं. मला गावानं काय म्हणायचं ते म्हणावं. गौरी तोंडावर आल्या आहेत. ताईला मी ये म्हटलेलं नाही, तिचं तिनं ठरवावं.

आज शनिवार. पुलावर थांबलो नाही. ताईनं दार उघडलं आणि आत जाता जाता म्हणाली, लाव, त्यांचा खेळ लाव. मी तुमच्या खुर्चीत बसलो नाही, माझ्याच बसलो. टीव्हीचा आवाज तुम्ही ठेवायचात तेवढाच होता, कुणी कमी केलेला नव्हता. मैदान भरलेलं होतं, मफलर हलत होते, पंचाच्या नावानं बोंब चालली होती. शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं नाही. मधेच कुणीतरी त्या सगळ्या कालव्यातून दुसऱ्याला हाक मारली, बारीकशी. ताई पदराला हात पुसत दारात उभी होती. तिनं तुमच्यासारखंच बोट वर केलं.

"ऐकलास?"

"हो," मी म्हटलं. "ऐकलं."